गवराक्काच्या सुतळ्या

सोलापूरच्या दवाखान्यात डॉक्टरानं माझ्या बायकोच्या छातीचा फोटो उजेडासमोर धरला आणि मला विचारलं, "बाई बिड्या किती ओढतात?"

"एक बी न्हाय," मी म्हटलं.

"खरं सांगा. लपवून उपयोग नाही. अशी छाती बिड्या ओढणाऱ्याची होते."

"सायेब, तिनं चाळीस वर्षं भाकरी केल्या."

त्यानं मान हलवली आणि कागदावर काहीतरी खरडलं. भाकरी असं लिहिलं नसणार. तरणा पोरगा होता, त्याच्यावर राग नाही. राग दुसऱ्यांवर आहे, आणि त्यात मीही आलो.

पारू जाऊन आता आठ महिने होतील. गावात म्हणतात, दम्यानं गेली. पाव्हणे येतात, चहा पितात, "वय झालं होतं" म्हणतात आणि एस.टी. धरतात. वय झालं होतं! मी तिच्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठा. मला काय धाड भरली? मी जन्मात कधी चुलीपुढं बसलो नाही, म्हणून जिवंत आहे.

हे सगळं एका बाईनं पंधरा-सोळा वर्षांआधी ओळखलं होतं. ओळखून गप्प बसली नव्हती; तिनं इलाज केला होता आणि तो लागू पडला होता. तो इलाज सरकारनं नापास केला आणि मी पहारीनं फोडला. त्या बाईचं नाव गवराक्का. मी चौथीतनं शाळा सोडलेला गवंडी. थापी धरणाऱ्या हातात पेन नीट बसत नाही. पण तिच्याबद्दल सांगणारं दुसरं कोणी उरलेलं नाही, म्हणून लिहितो.

गवराक्का आमच्या शेजारची कुंभारीण. तिची आमची भिंत एक. नवरा लवकर गेला, एकुलती लेक करकंबला दिलेली, घरात ती आणि एक गाढव. कुंभाराच्या बाईनं चाकाला हात लावायचा नाही अशी त्यांच्यात रीत, त्यामुळं नवऱ्यामागं चाक दिराकडं गेलं. मग हिनं चाकाशिवाय जे होतं ते धरलं. चुली घालायला लागली. अंगानं काटक, रंगानं भट्टीत जरा जास्त भाजलेल्या गाडग्यासारखी. डावा डोळा पांढरा होता, भट्टीच्या धुरानं गेलेला. कोणी हळहळलं की म्हणायची, "एक धुरानं खाल्ला. दुसरा म्या राखलाय, धुरावर नजर ठेवाया."

चूल घालायला बोलावलं की ती माती घेऊन यायची नाही. रिकाम्या हातानं यायची, जुन्या चुलीसमोर भिंतीला टेकून बसायची आणि म्हणायची, "कर बाय भाकरी. मला भूक लागलीया." बाई भाकरी करायची आणि ही बघत राहायची. गुडघा कुठं येतो, कोपर किती लांब जातं, तवा केवढा, जळण काय आहे, तुराट्या का शेणकुटं. आमच्याकडची ज्वारीची भाकरी तव्यावर निम्मीच होते. राहिलेली चुलीच्या तोंडाशी निखाऱ्यापुढं उभी करून शेकावी लागते, तेव्हा ती टम्म फुगते. ते तोंड जमलं नाही तर बाकी चूल सोन्याची केली तरी वाया. हे सगळं बघून झालं की गवराक्का कमरेची सुतळी काढायची आणि मापाच्या गाठी मारायची. एक गाठ गुडघ्याची, एक कोपराची, एक तव्याची. मग भाकरी खाऊन, पाणी पिऊन चालती व्हायची. चूल आठ दिवसांनी.

गावातल्या बायांच्या मापाच्या अशा सुतळ्या तिच्या घरात खुंट्यांवर टांगलेल्या असायच्या. मला सगळ्या सारख्याच दिसायच्या. ती नुसती बोटं फिरवून सांगायची, ही सुताराच्या सोनाची, ही धनगराच्या थोरलीची. बाई मेली की तिची सुतळी ती भट्टीत टाकायची. "तिच्यासंगं तिचं माप गेलं. दुसरीला त्येच घालायचं न्हाय," म्हणायची.

माती ती जिभेवर ठेवून बघायची. "खारट हाय, ही चूल पावसाळ्यात रडणार," असं म्हणून अख्खी पाटी उकिरड्यावर ओतायची. चूल घालून लिंपून झाली की लहान पोराच्या ढुंगणावर मारावी तशी एक चापट मारायची. "जा. नांद आता." पुरुष माणूस ओल्या चुलीजवळ उभा राहिलेला तिला खपत नसे. मी गवंडी, हातात ओळंबा, तोंडात अक्कल. एकदा काहीतरी सुचवायला गेलो. तिनं मान वर न करता विचारलं, "सदा, तुला भाकरी थापता येती?"

"न्हाय."

"मग भिंती बांध जा."

एकदा पाटलीणबाईंनी बोलावलं. त्यांना गावात कोणाची नसेल एवढी मोठी चूल पाहिजे होती. गवराक्का टेकून बसली. "करा बाईसायेब, एक भाकरी."

पाटलीणबाईंनी पंधरा वर्षांत पिठात हात घातला नव्हता. त्या म्हणाल्या, "मी कशाला? सैपाकाला सरू हाय की."

"मग सरूला बोलवा. चूल तिची हाय."

आणि तिनं पाटलाच्या घरात सरूच्या मापाची चूल घातली. सरू अंगानं एवढीशी. पाटलीणबाई पुढं एकदा हौसेनं पुरण शिजवायला बसल्या तर त्यांचा गुडघा जाऊन चुलीच्या काठावर आपटला. त्यांनी निरोप धाडला, चूल मोठी करून दे. गवराक्कानं उलटा निरोप दिला, "सरूला मोठी करा, मग चूल करती."

माझी पारू लग्न होऊन आली तेव्हा डावखुरी म्हणून माझी आई तिला घालूनपाडून बोलायची. डाव्या हातानं थापलेली भाकरी देवाला चालत नाही म्हणायची. पारू उजव्या हातानं करायला जायची आणि हात भाजून घ्यायची. तेव्हा गवराक्का बघायला बसली होती. एक भाकरी झाल्यावर म्हणाली, "पोरी, तुज्या हातानं कर." आई काहीतरी बोलायला गेली, तर तिला म्हणाली, "वैनी, हात देवानं दिलाय, चूल मी देती. देवाचं बदलत न्हाय, माझं बदलतं." तिनं चुलीचं तोंड जरा डावीकडं वळवून दिलं. गावात तशी एकच चूल. माझ्या घरात इतकी वर्षं ती होती आणि तोंड तिरकं का, हे मी कधी विचारलं नाही.

मग दुष्काळ झाला. त्याबद्दल नव्यानं सांगण्यासारखं काही नाही. पण चाऱ्याबद्दल सगळे बोलतात, जळणाबद्दल कोणी बोलत नाही. जनावरं गेली की शेण गेलं, शेण गेलं की शेणकुटं गेली. बाया ज्वारीची धसकटं उपटायला कोस-कोस जायच्या. जे मिळेल ते जाळायच्या, ओलं, सुकं, चपलेचा तुकडासुद्धा. घरं धुरानं कोंदायची. पारूला खोकला लागला तो तेव्हाचा. दुष्काळ गेला, खोकला राहिला.

दोन-तीन वर्षांनी गावात जीप आली. बिनधुराच्या चुलीची योजना. सरकारची मदत, तिला अनुदान म्हणायचं हे आम्ही तेव्हा शिकलो. हातात पैसा काही नाही. एक सिमेंटची नळी, तिच्यावर टोपी, थोडं सिमेंट आणि गवंड्याची मजुरी. चूल निम्म्या जळणात चालणार, धूर नळीतनं वर जाणार. चांगलीच गोष्ट होती, मी नाही म्हणत नाही. ज्यानं कोणी ही योजना काढली असेल त्याच्या मनात पाप नसेल. पण त्यानं चुलीबद्दल चावडीवर सभा बोलावली ती पुरुषांची. सगळा गाव पटके-टोप्या घालून चुलीचं ऐकायला बसला! बायांतली एकटी गवराक्का आली आणि पायरीशी उभी राहिली.

साहेबाजवळ पत्र्याचा साचा होता. पुढं एक भोक, मागं एक भोक, तोंड एवढं, उंची एवढी. साच्यात माती भरायची, चूल तयार. अख्ख्या जिल्ह्यात एकच माप. आम्ही माना डोलावल्या. गवराक्कानं पायरीवरनं विचारलं, "सायेब, तुमच्या घरी भाकरी कोन करतं?"

साहेब हसला. "आमच्याकडं पोळ्या होतात, आजी. गॅसवर."

"तेच म्हनलं. ह्या तोंडात माझा हात जाईना, भाकरी कुटं शेकायची?"

"आजी, तोंड मोठं केलं तर उष्णता वाया जाते. हे शास्त्र आहे."

"आसंल की. शास्त्राला भूक लागती का?"

चावडी हसली. मीही हसलो, तिच्यावर. कारण साहेबानं गवंडी म्हणून माझं नाव आधीच लिहून घेतलं होतं. चाळीस घरांचं काम, आणि नीट झालं तर पुढची चार गावं.

आता जे सांगतो ते नीट ऐका, कारण सगळं त्यात आहे. आमची घरं माळवदाची. वर लाकडं, त्यावर पांढऱ्या मातीचा थर. चुलीच्या वर माळवदाला एक भोक ठेवलेलं असतं, त्याला आम्ही सानं म्हणतो. धूर त्यातनं जातो, उजेड त्यातनं येतो. सगळा धूर जात नाही, पण माणूस जगतो. साहेबाच्या फॉर्मवर एक ओळ होती: छतातील इतर भोके बंद केली, होय की नाही. दुसरं भोक असलं तर नळीला ओढ राहत नाही, असं साहेब म्हणाला. म्हणून मी चाळीस घरांची चाळीस सानी बुजवली. फरशीचा तुकडा, वर सिमेंट. असं पक्कं काम केलं की घण घातला तरी निघू नये. त्याची मला शाबासकी मिळाली.

माझ्या स्वतःच्या घरी मात्र साच्याची चूल बसायच्या आधी गवराक्का आली. पारू खोकत होती. तिच्या पाठीला कान लावून गवराक्का बराच वेळ बसली, मग म्हणाली, "नळी मला दे. साचा तुज्या डोक्यावर घाल."

तिनं साहेबाची चूल नीट बघितली होती. त्यातलं चांगलं होतं तेवढं घेतलं. आत एक उंचवटा केला, त्यावरनं जाळ मागच्या भोकाला जायचा. तोंड पारूच्या डाव्या हाताच्या मापाचं रुंद ठेवलं, आणि उष्णता वाया जाऊ नये म्हणून त्याला भाजलेल्या मातीची एक सरकती झडप केली. भाकरी शेकताना झडप उघडायची, एरवी लावायची. बास, एवढंच. जे शास्त्राला सुचलं नाही ते एका डोळ्याच्या म्हातारीला सुचलं, कारण ती भाकरी करत होती.

पहिल्या दिवशी पारूनं चूल पेटवली, आणि धूर आलाच नाही. ती घाबरली, विझली की काय म्हणून वाकून बघायला लागली. मग पळत बाहेर गेली आणि गल्लीत उभी राहून माळवदाकडं बोट करून ओरडली, "बगा की! माझा धूर बगा कुटं चाललाय!" शेजारच्या बाया गोळा झाल्या. एवढी हसताना मी तिला लग्नातही बघितलं नव्हतं. दोन शेणकुटांत भाकरी आणि आमटी दोन्ही व्हायला लागल्या. चार महिने ती खोकली नाही. मी मोजले होते.

मग तपासणी आली. साहेबानं पट्टी लावली. तोंड तीन बोटं जास्त.

"नापास," तो म्हणाला.

"सायेब, धूर बगा. न्हाय धूर," पारू म्हणाली. परक्या पुरुषाशी ती आयुष्यात पहिल्यांदा आपण होऊन बोलली असेल.

साहेबानं धूर बघितला नाही. त्याच्या फॉर्मवर धुराची ओळच नव्हती! तोंड, उंची, भोकं, नळी, सानं. बिनधुराच्या चुलीच्या फॉर्मवर धूर आहे का नाही हे कुठं लिहायला जागा नाही, हे मी आज सांगतो तर लोकांना चेष्टा वाटते. तो मला बाजूला घेऊन म्हणाला, "गवंड्याच्या घरातच ही तऱ्हा, तर बाकीच्यांचं काय समजायचं? उद्या परत येतो. बघा काय ते."

पारू नदीला धुणं घेऊन गेली होती तेव्हा मी पहार घेतली. दुसऱ्या दिवशी साच्याची चूल तयार होती. साहेबानं मापं घेतली आणि भिंतीवर गेरूनं नंबर घातला. सतरा.

गवराक्का आली तेव्हा फुटक्या मातीत झडप तेवढी अख्खी राहिली होती. तिनं ती उचलली, पदरानं पुसली आणि घेऊन गेली. त्यानंतर दोन महिने ती माझ्याशी बोलत नव्हती, गाढवाशी बोलायची. भिंतीपलीकडनं, मला ऐकू येईल अशा बेतानं. "खा बाबा. तुला कोन साच्यात घालत न्हाय." "तुला लाथ मारायची तरी अक्कल हाय. हितं मानसाला तेवडी बी न्हाय." मी भिंतीअलीकडं जेवत असायचो.

इकडं गावात साच्याच्या चुली कोणी पेटवेना. तोंडात भाकरी उभी राहीना, धसकटं आत जाईनात. बाया दुसऱ्या कोपऱ्यात जुनी चूल मांडून स्वैपाक करायला लागल्या. मग नवी फोडून टाकावी की नाही? तर नाही! ग्रामसेवक बोलता बोलता म्हणाला होता, नंबर पडलेल्याला हात लावू नका, सरकारी मदत आहे. तो बोलून विसरला असेल, गाव विसरलं नाही. नंबर पडला म्हणजे ती चूल सरकारची. लोकांनी ती सारवून ठेवली, सणावाराला तिला हळदकुंकू वाहिलं. कोणाच्या चुलीत कोंबडी अंडी घालायची. आणि बाया दुसऱ्या कोपऱ्यात, नळीपासनं लांब, धूर खात बसल्या. पूर्वी निदान सानं तरी होतं. ते मी बुजवलं होतं. धूर घालवायची मदत आली आणि घरातनं धूर जायची होती ती एक वाटसुद्धा बंद करून गेली. उघड्यावर मांडावी तर वारा जाळ खायचा, जळण दुप्पट. तेवढं जळण कोणाकडं होतं?

गवराक्का दोन महिन्यांनी माझ्या दारात आली ती हेच बोलायला. "चूल सरकारची. धूर मातर आमचा. व्हय रं?" मग आवाज खाली आणून म्हणाली, "सदा, नळी बी नगं मला. बूड काढलेली गाडगी एकात एक घालून मी नळी करती. तू फकस्त माळवदाला भोक पाड. पारूची छाती वाजाय लागलीया."

मी म्हटलं, "आक्का, नंबर पडलाय. परत तपासनी झाली तर पुडची गावं जात्यात माझी."

तिनं पदर खोचला. मग म्हणाली, "मग नंबरच काडून आनती."

तालुक्याच्या ऑफिसात मी एके दिवशी सहीसाठी व्हरांड्यात बसलेलो होतो. बघतो तर गाढवावर एक भाजलेली चूल, झडपेसकट, गाडग्यांची नळी, शेणकुटं, पिठाचं गठुडं आणि पुढं गवराक्का. तिनं व्हरांड्यात चूल मांडली, नळी बाहेर काढली आणि पेटवली. शिपाई धावत आला.

"ए म्हातारे, हे ऑफिस हाय!"

"ठाव हाय की. हितं पास-नापास करत्यात न्हवं? करा."

तिनं तिथं बसून भाकरी केल्या. कारकून बाहेर आले. धूर कुठं दिसेना. भाकरी निखाऱ्यापुढं फुगली तेव्हा एकजण "वा" म्हणाला. ठेचा तिनं आणलाच होता. सगळ्यांनी खाल्ल्या, चूलसाहेबानंही खाल्ली. उभ्या उभ्या, दोन.

"आजी, भाकरी झकास आहे," तो म्हणाला. "पण माप माझ्या हातात नाही. साचा वरून येतो."

"वरनं म्हंजे कुटनं?"

"पुण्याहून. त्याच्या वरून."

"तितं कोन बाय हाय का, चुलीपुडं बसलेली?"

एका कारकुनानं हात पुसायला कागद मागितला. गवराक्कानं गाढवाची दोरी सोडली आणि मला ओलांडून जाताना गाढवाला म्हणाली, "चल रं. प्वाट भरलं त्यांचं." चूल तिनं तिथंच ठेवली. परत नेली नाही.

वर्षभरानं पुढच्या गावांच्या कामासाठी मी त्या ऑफिसात गेलो. व्हरांड्याच्या टोकाला तीच चूल. तिच्यावर चहाचं पातेलं. गाडग्यांची नळी काढून सरकारी सिमेंटची नळी बसवलेली, वर टोपी. शिपाई म्हणाला, "लई भारी चूल हाय राव. रॉकेल वाचतंय. सायबास्नी ह्याच्यावरचाच च्या लागतो." ज्या चुलीला त्यांनी नापास केलं, तिच्यावरचा चहा पिऊन ते आमच्या चुली नापास करायला जीपमध्ये बसत होते. मला चहा दिला. मी प्यालो नाही, एवढंच एक शहाणपणाचं काम त्या सगळ्यात मी केलं.

घरी येऊन गवराक्काला सांगितलं. वाटलं शिव्या देईल. तिनं विचारलं, "पानी किती येळात उकळतं?"

"दोन तुराट्या जळूस्तोवर, म्हनला शिपाई."

"झडप लावत्यात का?"

"लावत्यात."

"बग," ती म्हणाली. "त्यास्नी समजतंय." आणि तोंड फिरवून बसली. तिला रडताना मी कधी बघितलं नाही, त्या दिवशीही नाही. पण त्यानंतर तिनं गावात चूल घातली नाही. माती जिभेवर ठेवायची आणि थुंकायची.

शेवटचं सांगायचंय. पण त्याच्या पुढचं आधी सांगून टाकतो, कारण मला तिथं थांबायचं नाही. गवराक्कानं जाताना माझ्या घरात जे उघडून दिलं ते मी पुन्हा बंद केलं. पावसाळा तोंडावर होता, पाणी गळेल म्हटलं, तात्पुरतं म्हणून फरशी ठेवली आणि सिमेंट ओढलं. दिवाळीला काढू म्हटलं. चौदा दिवाळ्या गेल्या. पारू कधी बोलली नाही. "आसू द्या" एवढंच म्हणायची आणि खोकायची. गवराक्का तोवर करकंबला जाऊन वारली होती, भिंतीपलीकडनं ऐकवणारं कोणी नव्हतं. पारूचं तेरावं झालं त्या दिवशी मी पहार घेऊन वर चढलो आणि सानं उघडलं. आता तिथनं चांगला उजेड येतो. थंड चुलीवर पडतो. पारूची सुतळी माझ्याकडं आहे. रीतीप्रमाणं ती जाळायला पाहिजे होती. मला जाळवली नाही.

तर ते शेवटचं. सकाळची वेळ, पारू भाकरी थापत होती, घरात धूर कोंदलेला. डोक्यावर धपधप आवाज आला. परातीत माती पडली. पारू ओरडली, "वर कोन हाय बगा की!" मी बाहेर आलो तर भिंतीला शिडी, शिडीखाली गाढव, गाढवावर गठुडं बांधलेलं. माळवदावर गवराक्का, सत्तरीची म्हातारी, हातात माझीच पहार. मी केलेलं पक्कं काम ती उकरत होती.

"आक्का! खाली उतर! पडशील!"

"पडले तर तुज्याच घरात पडन. लांब न्हाय."

"कुटं निगालीस?"

"लेकीकडं. जाताना एक काम ऱ्हायलं व्हतं."

मी शिडीवर पाय ठेवला. तिनं पहार माझ्याकडं रोखली. मी पाय खाली घेतला आणि आत आलो. एक टवका पडला, दुसरा पडला, मग फरशीचा अख्खा तुकडा सतरा नंबराच्या चुलीवर येऊन आदळला आणि तिचं तोंड फुटलं. वरनं उन्हाचा खांब आत आला. धुरात तो निळा दिसत होता. त्या भोकात गवराक्काचं तोंड. तिनं सुतळी खाली सोडली, तिच्या गाठी उन्हात फिरत फिरत खाली आल्या.

"पारू, हे तुजं माप. कोन चूल घालनारी आली तर तिला दे. डावा हात म्हनून सांग." मग म्हणाली, "आता दिसतंय का गं?"

पारूनं पिठाचा डावा हात कपाळावर धरला आणि वर बघितलं. "दिसतंय, आक्का. तुमीच दिसताय."

तेवढ्यात कोंदलेल्या धुराला वाट सापडली. तो सगळा मिळून वर निघाला आणि गवराक्काच्या तोंडावर गेला. ती खोकली, हसली, परत खोकली, पण बाजूला झाली नाही. राखलेला डोळा उघडा ठेवून ती धूर बघत राहिली.

"आला!" ती वरनं म्हणाली. "आला बग, माज्याकडं आला."